स्ट्रक्चरल ऑडिट : चाचण्या रविवारपासून

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, इमारतीला ३० वर्षे उलटून गेल्याने मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब नुसार स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) बंधनकारक आहे. काम येत्या रविवारी सकाळी १० वाजता पार्किंगपासून सुरू होईल. खालच्या गाड्या आदल्या रात्रीच बाहेर काढाव्यात.

रिबाउंड हॅमर (ठोका देऊन) आणि अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरी सोडून) अशा काँक्रीटच्या चाचण्यांसाठी थोडा गिलावा काढावा लागतो, इतकेच. काही कॉलममधून मात्र कोअर, म्हणजे काँक्रीटचे दंडगोल नमुने, काढले जातील. आतल्या सळया आधी मशीनने शोधून मगच ड्रिल चालते व भोक नंतर ग्राउटने बुजवतात, तेव्हा आवाज ऐकून घाबरू नये. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन हे रंग दाखवणारे रसायन फवारतील, ते जरूर पाहावे. गडद गुलाबी झाले तर सळईला गंजापासून वाचवणारा काँक्रीटचा अल्कधर्म शाबूत आहे. रंग चढलाच नाही आणि तो कोरा पट्टा सळईपर्यंत गेला असेल, तर सळई गंजायला मोकळी. आपल्याकडे पार्किंगच्या कॉलमवर उभ्या भेगा सळईच्या रेषेतच गेल्या आहेत. खरी काळजी तिथली आहे.

इंजिनिअर घरी येतील तेव्हा बाथरूमचे फॉल्स सीलिंग उघडून द्यावे. ‘सी-१’ (अतिधोकादायक) शेरा बसेल या धास्तीने ओल पुट्टीखाली दडवू नये. दुरुस्तीचा अंदाज चुकतो आणि खर्च सर्वांच्याच माथी येतो. नूतनीकरणात भिंत काढली असल्यास तसे लेखी कळवावे. दंड हा विषय सध्या नाही.

ज्यांना रविवार गैरसोयीचा आहे त्यांनी शुक्रवारपर्यंत ऑफिसात वेळ नोंदवावी.

सचिव,
कार्यकारी समितीकरिता