मोत्सेपे साहेब, 2032 साली माझी लेक एकोणीस वर्षांची असेल

मा. डॉ. पॅट्रिस मोत्सेपे,
अध्यक्ष, आफ्रिकी फुटबॉल महासंघ (काफ),
कैरो

स.न.वि.वि.

आपण चोपन्न देशांच्या फुटबॉलचे अध्यक्ष. मी नैरोबीत एका गोदामाचा हिशेब ठेवणारा, मूळचा कोल्हापूर शिवाजी पेठेचा माणूस. आपल्याला पत्र लिहावं अशी माझी पायरी नाही, त्यातून मराठीत. पण इंग्रजीत लिहायला बसलो की माझा राग रजेच्या अर्जासारखा दिसायला लागतो. भाषांतराची यंत्रं आता सगळीकडे आहेत, तेव्हा तेवढे कष्ट आपल्या कार्यालयाने घ्यावेत ही विनंती.

मोरोक्कोत, रबातमध्ये, स्पर्धेला तोंड फुटायच्या आदल्या दिवशी, म्हणजे 20 डिसेंबरला, आपण जाहीर केलंत की 2028 नंतर आफकॉन, म्हणजे आफ्रिकेतल्या देशांची ही मोठी स्पर्धा, दर दोनऐवजी दर चार वर्षांनी होईल. मधल्या काळात दरवर्षी नेशन्स लीग म्हणून काहीतरी असेल. आपण हसतमुखाने सांगितलंत, फोटोही छान आले. आमच्या घरी ही बातमी जेवताना कळली. लेकीने ताटातला हात काढला आणि बोटांवर मोजायला लागली. ती आता बारा वर्षांची आहे. 2027 ला आफकॉन आमच्या केनियात, युगांडात आणि टांझानियात येईल तेव्हा चौदा, 2028 ला पंधरा. मग थेट 2032, तेव्हा एकोणीस. "म्हणजे माझी शाळा, ज्युनियर कॉलेज सगळं संपलेलं असणार," एवढं म्हणून तिने आमटी पुढे ओढली. ती शाळेच्या संघात लेफ्ट विंगला खेळते. मी त्या वेळी त्रेपन्न वर्षांचा असेन, माझ्या गुडघ्यांबद्दल तर बोलूच नये.

आपल्याला वाटेल, एका पोरीच्या वयावरून हा माणूस खंडाच्या वेळापत्रकाशी भांडतोय. हो, भांडतोय. वेळापत्रक शेवटी माणसांच्या वयावरच चालतं. विंगरचे चांगले दिवस फार तर दहा वर्षांचे. दोन वर्षांनी स्पर्धा झाली तर त्याच्या वाट्याला पाच येतात. चार वर्षांनी झाली तर दोन, नशीब असलं तर तीन. त्यातली एक दुखापतीत जाते, एक पात्रता फेरीत जाते.

माझा हिशेब कच्चा असेल, पण हिशेब हाच माझा धंदा आहे, म्हणून मांडतो. 1957 साली खार्टूममध्ये पहिली स्पर्धा झाली. त्याच वर्षी त्याच गावात तुमची संस्था जन्मली. खेळायला तीन देश होते, इजिप्त, सुदान आणि इथिओपिया. चौथा दक्षिण आफ्रिका. पण तिथल्या सरकारला गोऱ्या-काळ्यांचा मिश्र संघ पाठवायचा नव्हता, म्हणून तो बाहेर राहिला. आपण त्याच देशाचे आहात, मी आपल्याला काय सांगणार. तेव्हापासून आज मोरोक्कोत चालू आहे ती पस्तिसावी. पहिल्यापासून चार वर्षांचा नियम असता तर आजवर अठराच झाल्या असत्या. उरलेले सतरा चषक कोणाकोणाच्या कपाटातून काढणार? 2012 ला झांबिया जिंकला, आणि कुठे, तर गॅबनच्या लिब्रव्हिलमध्ये. 1993 साली त्यांचा जवळजवळ अख्खा संघ घेऊन निघालेलं विमान त्याच शहराच्या किनाऱ्यापाशी समुद्रात पडलं होतं. आणि पुढच्याच वर्षी, 2013 ला, पुन्हा स्पर्धा झाली, कारण तुम्हाला सम वर्षाची विषम वर्षं करायची होती. म्हणजे सोय असेल तेव्हा लागोपाठ दोन वर्षं चालतं. आता मात्र दोन वर्षांत खेळाडू दमतात!

दमतात कशाने, तेही सांगतो. यंदाची स्पर्धा खरी जून-जुलैची. पण त्या महिन्यांत फिफाला अमेरिकेत बत्तीस क्लबांचा नवा वर्ल्ड कप भरवायचा होता. मग आम्ही सरकलो, डिसेंबरात आलो. डिसेंबरात आलो तर युरोपातल्या क्लबांना पोटशूळ, म्हणून खेळाडू 8 तारखेऐवजी 15 तारखेला सोडायचे ठरले. पहिला सामना 21 ला! सहा दिवसांत प्रशिक्षकाने काय शिकवायचं? आमच्याकडे लग्नात बॅन्डवाल्यांचीही तालीम याहून जास्त होते. मालीचे प्रशिक्षक सेंतफिट तुमच्या चार वर्षांच्या निर्णयावर उघड चिडून बोलले. बाकीचे मनात बोलले असतील.

आणि कल्पना तरी कोणाची? 2020 साली मोरोक्कोतच फिफाचे अध्यक्ष इन्फान्तिनो साहेब म्हणून गेले होते की ही स्पर्धा चार वर्षांनी करा. पुढच्या वर्षी तुम्ही अध्यक्ष झालात. उरलेल्या तिघा उमेदवारांनी माघार घेतली, तुम्ही बिनविरोध. 2025 ला पुन्हा बिनविरोध. आमच्या भागातल्या साखर कारखान्याच्या निवडणुकीतसुद्धा हे कौशल्य दुर्मिळ आहे, आणि तिथे कौशल्याची वानवा नाही.

आता माझं स्वतःचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय हे पत्र का लिहिलं ते कळणार नाही.

ऑगस्टमध्ये चॅन स्पर्धा केनिया, युगांडा आणि टांझानियात झाली. फक्त आपापल्या देशाच्या लीगमध्ये खेळणाऱ्यांची स्पर्धा, म्हणजे ज्यांना आम्ही रस्त्यात ओळखतो ती पोरं. केनियाने डीआर काँगोला हरवलं, अंगोलाशी बरोबरी केली आणि नैरोबीच्या कसारानी स्टेडियमवर मोरोक्कोला दहा जणांनिशी 1-0 ने हरवलं. त्या रात्री थिका रोडवर मटाटूंचे, म्हणजे इथल्या खाजगी मिनीबसचे, भोंगे पहाटेपर्यंत वाजत होते. माझ्या गोदामातला सहकारी लुओ जमातीचा, नैरोबीच्या गोर माहिया क्लबचा भक्त. 1987 ला गोर माहियाने आफ्रिकेचा कप विनर्स चषक आणला तेव्हा तो जन्मलाही नव्हता, तरी त्या सामन्याचं वर्णन डोळ्यांनी बघितल्यासारखं करतो. तो दुसऱ्या दिवशी कामावर आला तो आवाज बसलेला. कागदावर लिहून बोलत होता.

मोरोक्कोच्या सामन्याला तिकीट नसलेले लोक दरवाजे रेटून आत घुसले, हे मान्य. तुम्ही पुढच्या सामन्याला प्रेक्षकांवर 27,000 ची मर्यादा घातलीत, कागदी तिकिटं बंद केलीत. बरोबर केलंत असंही म्हणेन. 24 जानेवारी 2022 ला कॅमेरूनच्या आफकॉनमध्ये याउंदेच्या ओलेंबे स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत आठ माणसं मेली. दुसऱ्या दिवशी तुम्हीच म्हणालात की जे दार उघडं असायला हवं होतं ते बंद होतं, उघडं असतं तर हे झालं नसतं. त्या वाक्यासाठी मी तुम्हाला मानलं होतं.

22 ऑगस्टला उपांत्यपूर्व फेरी, मादागास्करशी. मी एका मध्यस्थाकडून तीन तिकिटं घेतली. त्याचं नाव घेत नाही, आणि दोष तुमचा नाही हेही लिहून देतो. फोनवर तिकीट आलं, चौकोनी नक्षी, सगळं झकास. लेक, तो सहकारी आणि मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो. गेटवरच्या पोराने मशीन लावलं. लाल. पुन्हा लावलं. लाल. "ही तीन माणसं आत गेली," तो म्हणाला. मी म्हणालो, ती तीन माणसं आम्ही आहोत. तो बिचारा हसला. त्याला तरी काय माहीत.

मग आम्ही कुंपणाबाहेर, भाजलेली कणसं विकणाऱ्या बाईच्या शेगडीपाशी उभे राहिलो. तिच्या फोनवर सामना लागला होता. पण फोनवरचं चित्र खऱ्या सामन्याच्या पाऊणेक मिनिट मागे. दुसरा अर्ध सुरू होऊन तीन मिनिटं झाली असतील, तोच आतून गर्जना झाली, जमीन हलली, सहकाऱ्याने लेकीला उचललं आणि मग पाऊण मिनिटाने फोनवर कॉर्नर आला आणि ओमिजाने डोकं लावलं. लेकीला हा खेळ फार आवडला. आधी आवाज, मग चित्र. बाहेर राहिल्याचं दुःखच विसरली.

मादागास्करने पेनल्टीवर बरोबरी केली. जादा वेळ. अंधार झाला. शेवटी पेनल्टी शूटआउट. आता विचार करा, आतला आवाज आधी येतोय. फोनवर अजून केनियाचा खेळाडू चेंडू ठेवतोय, दोन पावलं मागे जातोय, आणि आत चिडीचूप. तेवढ्या हजारो माणसांची शांतता तुम्ही कधी बाहेरून ऐकली आहे का? आम्ही फोनकडे बघत होतो आणि तो मारणार, चुकणार, हे आम्हाला माहीत होतं. बाईने कणीस उलटायचं थांबवलं. 4-3 ने गेलो. परतीच्या मटाटूत कोणी बोललं नाही. घराच्या वळणावर लेकीने विचारलं, "बाबा, 2027 ला तरी आत सोडतील ना?" मी म्हणालो, 2027 ला सोडतीलच, आणि नाही सोडलं तर 2029 आहेच. आपल्या घोषणेने माझं तेवढं वाक्य खोटं पाडलं.

2027 ची गोष्टही निघालीच आहे. 1996 ला ही स्पर्धा केनियाला मिळाली होती, तयारी नव्हती म्हणून काढून घेतली. 2018 चं चॅन मिळालं होतं, स्टेडियमं नव्हती म्हणून काढून घेतलं, मोरोक्कोला दिलं. दोनदा ताट मांडलं, दोनदा उचललं. इथल्या सरकारांनी केलेली ती शोभा, तुमची नाही. सरकारने फेडरेशनमध्ये हात घातला म्हणून 2022 मध्ये फिफाने केनियाला नऊ महिने बाहेर बसवलं, तेही आम्ही भोगलं. आता न्गाँग रोडवर साठ हजारांचं स्टेडियम उभं राहतंय. मी रविवारी लेकीला घेऊन जातो, दुरून क्रेन मोजतो. यंदा मोरोक्कोत युगांडा आहे, टांझानिया आहे. 2027 च्या यजमान तिघांपैकी घरी बसून टीव्ही बघणारे आम्हीच. सहा वेळा केनिया आफकॉनला गेला, गटाच्या पुढे एकदाही नाही. तरी हा देश मोरोक्कोला हरवल्यावर रात्रभर भोंगे वाजवतो. अशा देशाला तुम्ही सांगता, एकदा घ्या, मग बघू.

मी कोल्हापूरचा आहे हे वर लिहिलं, त्याचं कारण आहे. आमच्या गावात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांचा सामना असला की पेठांमधली दुकानं ओस पडतात. लहानपणी मी तिथल्या पायऱ्यांवर बसून शिकलो की संघ म्हणजे पेठ. पुढे तालमींनी नायजेरियाची पोरं खेळायला आणली. त्यांच्यातल्या एकाने चहाच्या गाडीवर मला विचारलं होतं, इथे सीझन किती महिने असतो? मी सांगितलं, पाऊस संपला की. तो म्हणाला, आमच्याकडे कोणी बोलावेल तेव्हा असतो. तेव्हा मला ते वाक्य कळलं नव्हतं, आता कळतं. भारतात तरी काय वेगळं आहे? इंडियन सुपर लीग जुलैपासून लटकलेली आहे, डिसेंबर सरत आला तरी चेंडू हललेला नाही. करार संपला म्हणतात. करार कोणाचा, खेळणारा कोण, बघणारा कोण, याचा एकमेकांशी काही संबंध राहिलेला नाही. इथे नैरोबीत लेक ज्या मैदानावर सराव करायची तिथे गेल्या पावसाळ्यात पत्रे लागले. आत काय होणार ते फलकावर लिहिलेलं नाही. दोन देशांत राहून मी एवढंच पाहिलं की मैदानाभोवती पत्रा मारायला परवानगी लागत नाही, पत्रा काढायला मात्र अर्ज लागतो.

विषयांतर झालं, माफ करा. माफ नका करू, तसंही चालेल.

1966 च्या वर्ल्ड कपवर आफ्रिकेने बहिष्कार टाकला, कारण अख्ख्या खंडाला हक्काची एकही जागा नव्हती. घरी बसले, तेव्हा 1970 ला एक जागा मिळाली. आज नऊ आहेत, चोपन्न देशांत. युरोपला पंचावन्न देशांत सोळा. केप व्हर्देसारखा जेमतेम पाच लाख वस्तीचा देश येत्या वर्ल्ड कपला जातोय. त्या जागा कोणी हसतमुखाने दिल्या नाहीत. तुमच्या आधीच्या माणसांनी घरी बसून मिळवल्या. तुम्ही काय दिलंत आणि बदल्यात काय घेतलंत? विजेत्याचं बक्षीस 70 लाख डॉलरवरून एक कोटी केलंत, ते वाचलं. बरं वाटलं. कणसं विकणाऱ्या बाईला मी ते सांगितलं नाही.

मागणं थोडकं आहे. चार वर्षांचा निर्णय चोपन्न संघटनांपुढे उघड मतदानाला ठेवा आणि कोणी कोणत्या बाजूने हात वर केला ते छापा. 2027 ला कसारानी आणि न्गाँग रोड दोन्हीकडे गेटपाशी रोख पैशांची एक तरी खिडकी ठेवा, जिथे माणूस बसलेला असेल, ज्याच्याशी भांडता येईल. आणि खेळाडू पंधरा दिवस आधी सोडायला लावा. ते तुमच्या हातात नसेल तर कोणाच्या हातात आहे तेवढं कळवा, पुढचं पत्र त्यांना लिहीन. फ्रेंच शिकायला लागली तरी चालेल.

कळावे,
आपला,
कसारानीच्या कुंपणाबाहेरचा एक प्रेक्षक
नैरोबी, डिसेंबर 2025

ता. क. त्या तीन तिकिटांचे पैसे परत मिळाले नाहीत, ते मी आपल्याकडे मागत नाही. लेकीने मात्र फोनमधलं तिकीट पुसू दिलेलं नाही. म्हणते, मशीन कधीतरी हिरवं होईल.