परिसर म्हणजे कोण? : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : गॅरेजच्या नावाखाली सामासिक अंतरात (घर आणि हद्दीच्या मध्ये मोकळ्या ठेवायच्या जागेत) होणारी बांधकामं

महोदय,

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून गेली ३४ वर्षं शेजारचा पारिजातक दिसायचा. आता विटांची भिंत दिसते. शहराचं नाव मुद्दामच लिहीत नाही. लिहिलं तर त्या एका बंगल्यामागे चौकशी लागेल, शेजारी जन्मभर बोलणार नाहीत आणि नियम आहे तसाच राहील. माझी तक्रार नियमाबद्दल आहे.

शेजारचे नवे मालक भले आहेत. दिवाळीला फराळाचं ताट येतं. "काका, दोन गाड्यांपुरतं शेड घालतोय," असं ते म्हणाले तेव्हा मीही मान डोलावली. मग शेडला भिंती आल्या, पत्र्याऐवजी स्लॅब पडला आणि स्लॅबवर जायला जिना आला. बंगल्याच्या बाजूने सुरू होऊन मागच्या अंगणात पसरलेलं ते गॅरेज साधारण ८४ चौरस मीटर भरतं. राज्याची बांधकाम नियमावली एका मोटारीला अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा धरते. दोन गाड्यांना २५ झाले, दारं उघडायला आणि वळायला हवं तर आणखी तेवढेच घ्या. उरलेल्या जागेत काय उभं राहणार ते मला विचारू नका. आत मोरी बांधलेली मात्र मी पाहिली आहे.

मी आयुष्यभर ड्राफ्ट्समन म्हणून नकाशे काढले. नकाशावर सामासिक अंतर म्हणजे नुसती कोरी पट्टी, काढायला सगळ्यात सोपी. प्रत्यक्षात तिथूनच घरात उजेड-वारा येतो, आणि आग लागली तर शिडी घेऊन माणूस तिथूनच शिरतो. ती पट्टी एकाच्या मालकीची असली तरी तिच्यावर दोन घरं जगतात.

मी अर्ज दिला. स्थळपाहणीला आलेले साहेब म्हणाले, "गॅरेजच आहे ना? राहत तर नाही कुणी!" आणि निघताना म्हणाले, "ते नियमित करून घेतील."

या 'नियमित'शीच माझं भांडण आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५२ खाली विनापरवाना बांधकाम हा गुन्हा आहे, त्याला कैदेची तरतूद आहे. पण कलम ५३ ची नोटीस आली की बांधकाम राखण्यासाठी परवानगीचा अर्जही करता येतो. ठीक आहे, चूक सुधारायची संधी असावी. शिवाय डिसेंबर २०२० पासून बृहन्मुंबई वगळता जवळपास सगळ्या राज्याला लागू असलेल्या या एकत्रीकृत बांधकाम नियमावलीत, खरी अडचण दाखवली तर मापांत सवलत देण्याचा अधिकार आहे. बोलीभाषेत 'हार्डशिप'. त्यालाही अट आहे : सवलतीमुळे इमारतीतल्या आणि परिसरातल्या लोकांच्या आरोग्याला व सुरक्षिततेला बाधा येता कामा नये.

परिसर म्हणजे कोण, महोदय? माझ्यासारखा शेजारीच ना? मग सवलतीचा अर्ज आल्याचं मला माहितीच्या अधिकारात, तेही पहिलं अपील केल्यावर का कळावं? बाधा होते की नाही हे ज्याला होते त्याला न विचारताच ठरतं, आणि फाइलवर शेरा पडतो, 'हरकत नाही'. कुणाची हरकत नाही?

माझा भाचा न्यू जर्सीत राहतो. तिथे असं नियमात न बसणारं गॅरेज वाढवायचं तर आधी मंडळापुढे सुनावणी होते, आणि २०० फुटांच्या आतल्या प्रत्येक मिळकतीच्या मालकाला किमान १० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. भाचा एकदा अशा सुनावणीला जाऊन आला. त्याच्या मते फार कंटाळवाणा प्रकार! असू दे कंटाळवाणा. आमच्याकडेही थोडा कंटाळा येऊ द्या.

हे आत्ताच लिहितोय त्याला कारण आहे. पार्किंगच्या जागेचा दाखला असल्याशिवाय नव्या मोटारीची नोंदणी नाही, असं परिवहन मंत्र्यांनी मे २०२५ मध्ये जाहीर केलं. हेतू चांगलाच आहे, पण उद्या प्रत्येक बंगलेवाला 'गाडीला जागा नाही' हीच अडचण घेऊन सवलत मागेल.

माझी मागणी मोठी नाही. सामासिक अंतरात सवलत मागणारा किंवा बांधकाम नियमित करण्याचा अर्ज आला, की लागून असलेल्या मिळकतधारकांना नकाशाच्या प्रतीसह लेखी कळवावं, म्हणणं मांडायला १५ दिवस द्यावेत, आणि ते का फेटाळलं हे आदेशात लिहावं. गॅरेज मंजूर करताना किती गाड्यांसाठी आणि किती उंचीचं, हेही त्यात यावं. पैसे खर्च झाले किंवा अधिकाऱ्यांनी काणाडोळा केला म्हणून बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ ला बजावलंच आहे. पण शेजाऱ्याने प्रत्येक भिंतीसाठी न्यायालयात जायचं का?

स्लॅबवरच्या जिन्याला अजून कठडा बसलेला नाही आणि कॉलमच्या सळया वर तशाच सोडल्या आहेत. नकाशे काढणाऱ्याला त्याचा अर्थ कळतो. त्या सळयांना विटा लागण्याआधी उत्तर आलं तर बरं होईल.

आपला,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन