नवीन सीसीटीव्हीच्या कोटेशनवर सही करायच्या आधी

मा. अध्यक्ष आणि कमिटी मेंबर्स,

सप्रेम नमस्कार.

ग्रुपवरच टाकलं असतं पण तिकडे गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडलं जातं, म्हणून लिहून देतेय. नोटीस बोर्डावर लावलेलं कॅमेऱ्यांचं कोटेशन वाचलं. सोळा कॅमेरे, सगळे फोर के (म्हणजे ८ मेगापिक्सेलचे), सोळा चॅनलचा रेकॉर्डर, ४ टीबीची हार्ड डिस्क, वॉचमनच्या केबिनला मोठा मॉनिटर, सगळं मॉडेल नंबरसकट, आणि सगळ्यात खाली एकच ओळ, "पॉवर सप्लाय व वायरिंग : लमसम", म्हणजे सगळ्याचा मिळून एकच ठोक आकडा. माझी हरकत त्या खालच्या ओळीवर आहे. आपले आत्ताचे कॅमेरे ज्या गोष्टीमुळे रडतात नेमकी तीच लमसम!

मी टेलिफोन एक्सचेंजच्या बॅटरी रूममध्ये नोकरी काढलेली बाई, त्यामुळे कुठलंही मशीन बंद पडलं की माझा हात आधी मशीनकडे जात नाही, त्याच्या वायरीकडे जातो. मागच्या गेटचा कॅमेरा बघा. दिवसभर मस्त दिसतो आणि काळोख पडला की चालू-बंद, चालू-बंद. सगळे म्हणतात कॅमेरा गेला. गेला बिला काही नाही. अंधार झाला की त्यातले इन्फ्रारेडचे दिवे पेटतात, जवळ उभं राहिलात तर बारीक टक असा आवाजपण येतो फिल्टर सरकल्याचा, आणि त्या क्षणी कॅमेरा जवळपास दुप्पट करंट मागतो. आपला १२ व्होल्टचा सप्लाय मीटर रूममध्ये, तिथून गेटपर्यंत साठेक मीटर, तीपण सुतळीसारखी बारीक वायर. अर्ध्या चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर धरली तरी जाऊन-येऊन १२० मीटरचा रेझिस्टन्स साडेचार ओहमच्या आसपास होतो, त्यातून अर्धा अँपिअर गेला की सव्वादोन व्होल्ट वाटेतच संपले, राहिले पावणेदहा. इलेक्ट्रिशियनला शिडीवर चढवून मल्टिमीटर लावायला सांगितला तेव्हा दिवसा अकराच्या खाली-वर होते आणि दिवे पेटल्यावर दहाच्याही खाली. कॅमेरा बिचारा रीस्टार्ट होतो, दिवे विझतात, व्होल्टेज परत वर येतं, तो परत चालू होतो, दिवे पेटतात... रात्रभर हाच खेळ. इथे नवा फोर के लावलात तर तोपण हेच करणार, फक्त जास्त चांगल्या क्वालिटीत.

ह्याच्यावर उपाय जुनाच आहे. एक्सचेंज ४८ व्होल्टवर का चालायची, तर लांब लाइनीवर कमी करंटमध्ये काम भागतं म्हणून. आयपी कॅमेऱ्यांचं (म्हणजे नेटवर्कवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांचं) जे पीओई असतं, म्हणजे नेटवर्कच्याच केबलमधून वीज, ते त्याच्याच जवळपास, ४४ ते ५७ व्होल्टवर चालतं. तेवढीच पॉवर चौपट व्होल्टेजवर नेली तर करंट चौथा हिस्सा आणि वायरीत वाया जाणारी वीज सोळावा हिस्सा. एकच केबल, मध्ये अडॅप्टरचा लोंबकळणारा डबा नाही, आणि सगळ्या कॅमेऱ्यांची वीज एका नेटवर्क स्विचमधून (सगळ्या केबल जिथे येऊन जोडतात तो डबा) जात असल्यामुळे बॅकअप एकाच जागी दिला की काम झालं. कोटेशनवाल्याने कॅमेरे आयपी दिलेत पण वीज कशी देणार ते लिहिलंच नाही. त्याला दोन गोष्टी लेखी द्यायला सांगा. एक, पीओई स्विचचं एकूण वॅटेज किती. सोळा पोर्ट असले म्हणजे सोळा कॅमेऱ्यांना पुरेल एवढी वीज असतेच असं नाही, साध्या पीओईत एका पोर्टवरून जास्तीत जास्त १५.४ वॅट निघतात आणि कॅमेऱ्यापाशी १२.९५ वॅटची गॅरंटी असते, पण स्वस्तातल्या स्विचला सगळ्या पोर्टना एका वेळी तेवढं देता येत नाही, मग रात्री सगळ्यांचे दिवे पेटले की शेवटचे दोन-तीन कॅमेरे मान टाकतात. दुसरं, केबल शुद्ध तांब्याची हवी. बाजारात कॅट सिक्स म्हणून सर्रास ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल खपवतात. ओळखायची कशी, तर तार ब्लेडने खरवडायची, आतून पांढरी चकाकी दिसली की परत करायची. आणि एका दमात १०० मीटरच्या पुढे न्यायची नाही, स्टँडर्डच तसं आहे.

आता बॅकअप. कोटेशनमध्ये नुसतं "यूपीएस" लिहिलंय. आत्ता आपल्याकडे जो छोटा यूपीएस आहे त्यातली बॅटरी १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची, म्हणजे कागदावरच ८४ वॅट-अवर, तीपण नवी असताना. अशा बॅटऱ्या आपल्याकडच्या उकाड्यात दोन-तीन वर्षांत बसतात. लाइट गेल्यावर पंधरा-वीस मिनिटं ताणली तर ताणली. आणि आपल्याकडे लाइट जाते कधी, पावसात, रात्री, झाड तारेवर पडलं की, म्हणजे चोराला पाहिजे तेव्हाच. माझा हिशोब असा आहे, दहा कॅमेरे (सोळा का नकोत ते पुढे सांगते) रात्रीचे ८ वॅटने ८०, स्विचचे स्वतःचे १५, रेकॉर्डर डिस्कसकट २५, राउटर १०, झाले १३० वॅट. घरच्या इन्व्हर्टरला असते तशी १५० अँपिअर-अवरची एक ट्युब्युलर बॅटरी आणि प्युअर साइनवेव्ह इन्व्हर्टर घेतला तर नुकसान वजा जाता १२०० वॅट-अवर हाताशी राहतात, म्हणजे नऊ तास. अख्खी रात्र निघते. इन्व्हर्टरच्या मागे एक बारीक बटण असतं ते यूपीएस मोडवर ठेवायचं, नाहीतर लाइट जाता-येताना रेकॉर्डर दर वेळी रीस्टार्ट होईल आणि डिस्क त्यानेच मरते. तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा, मे २०२१ मध्ये, कित्येक ठिकाणी दिवसच्या दिवस वीज नव्हती, तशा वेळेला कुठलीच बॅटरी पुरणार नाही हे मान्य, पण रोजच्या तास-दोन तासांना तरी पुरू दे. कोणीतरी मीटिंगमध्ये म्हणणारच की जनरेटर आहे ना. आहे, पण तो लिफ्ट आणि पंपाला आहे, आणि चालू करायला वॉचमन जागा लागतो.

कॅमेरे सोळाऐवजी दहा का म्हणतेय ते पण सांगते. चेहरा ओळखता यावा म्हणून चित्रात दिसणाऱ्या रुंदीच्या दर मीटरमागे २५० पिक्सेल लागतात असं धरतात. ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा २.८ मिमीच्या रुंद लेन्सने लावला तर चारेक मीटरपर्यंतच चेहरा ओळखू येतो, फोर के केला तर सहा मीटर. त्याउलट तोच ४ मेगापिक्सेल ६ मिमीच्या लेन्सने घेतला तर दहा मीटरवरचा चेहरा मिळतो, फक्त आजूबाजूचं कमी दिसतं. म्हणजे पैसे मेगापिक्सेलला नकोत, लेन्सला डोकं लावायला पाहिजे. गेटवर अरुंद लेन्सचा, लिफ्टच्या लॉबीत रुंद, पार्किंगला मधला. कोटेशनमध्ये सरसकट सगळे २.८ आहेत, म्हणजे माणसाने जागा न बघताच ऑफिसात बसून भरलंय. गाडीचा नंबर रात्री टिपायचा तर हेडलाइटपुढे साधा कॅमेरा आंधळा होतो, त्याला शटर वेगळं सेट केलेला एक कॅमेरा फक्त नंबर प्लेटच्या उंचीवर द्यावा लागतो, एवढा एक जरूर घ्या.

डिस्कचं गणित तर मला हसावं की रडावं कळेना. फोर के कॅमेरा ८ एमबीपीएसने (म्हणजे सेकंदाला ८ मेगाबिट) धरला तर दिवसाला ८६ जीबी खातो, सोळांचे झाले १३८० जीबी, आणि डिस्क ४ टीबी! तीन दिवससुद्धा नाही. चवथीला आपली निम्मी बिल्डिंग कुलूप लावून गावी जाते, दीड दिवसाचा गणपती असला तरी माणूस चार-पाच दिवसांनी परततो, आल्यावर दार फोडलेलं दिसलं तर रेकॉर्डिंग कधीच पुसून गेलेलं असणार. दहा कॅमेरे ४ मेगापिक्सेलचे, ३ एमबीपीएसने, तर रोजचे ३२४ जीबी, ८ टीबीच्या डिस्कवर तीन आठवडे आरामात राहतात. डिस्क सर्व्हिलन्सचीच घ्यायची, कॉम्प्युटरची चालते म्हणून सांगतील पण चोवीस तास लिहित राहायला ती केलेली नसते. हालचाल झाली तरच रेकॉर्ड करा म्हणजे जागा वाचते असं कोणी म्हणेल, तर पावसाच्या धारा आणि किडे हीपण हालचालच आहे, जूनमध्ये काही वाचत नाही.

किड्यांवरून आठवलं. इन्फ्रारेडच्या दिव्यांपाशी किडे येतात, किड्यांपाठोपाठ कोळी येतात आणि लेन्ससमोर जाळं बांधतात, मग रात्रभर स्क्रीनवर पांढरी दोरी नाचताना दिसते. डोमच्या (अर्ध्या गोळ्यासारख्या कॅमेऱ्याच्या) काचेला आतून दमट धुकं धरतं ते वेगळंच. म्हणून बाहेर बुलेट (नळीसारखा) किंवा टरेट (उघड्या डोळ्यासारखा, वर काच नसलेला) घ्या, डोम फक्त लॉबीत. आणि एएमसीत (वर्षाच्या देखभालीच्या करारात) महिन्यातून एकदा पुसणं लिहून घ्या, नाहीतर ते काम कोणाचंच नसतं.

आपल्या गोव्यात सुमारे ३००० मिमी पाऊस आणि खारी हवा, ह्यात कॅमेरा क्वचित मरतो, मरतो तो जोड. बॉक्सवर आयपी ६७ (पाणी-धूळ आत न शिरण्याचा दर्जा) लिहिलेलं असतं ते कॅमेऱ्याच्या डब्यापुरतं, मागून जी वीतभर शेपटी बाहेर येते तिच्या टोकाच्या कनेक्टरला ते लागू नाही. बी विंगच्या कोपऱ्यावरचा जोड मी उघडून बघायला लावला होता, नुसती इन्सुलेशन टेप गुंडाळलेली आणि आत पिना हिरव्यागार. प्रत्येक बाहेरच्या कॅमेऱ्याला जंक्शन बॉक्स, जोड त्याच्या आत, केबल खालून वळसा देऊन आत घेतलेली म्हणजे पाणी त्या वळशावरून गळून जातं, आणि स्क्रू स्टेनलेसचे. फार खर्चाचं नाही हे, पण लिहून घेतलं नाही तर करणार नाहीत.

आता विजा. मे महिन्याच्या शेवटी आणि परतीच्या पावसात ऑक्टोबरात जो कडकडाट होतो त्यात दर वर्षी कोणाचा ना कोणाचा राउटर जातोच. पर्वरीच्या पठारावर खाली सगळा जांभा दगड, उन्हाळ्यात ठणठणीत सुकलेला, त्यामुळे अर्थिंग कागदावर असतं, जमिनीत नसतं. आपला अर्थ पिट शेवटचा कधी मोजला? टेस्टरने रीडिंग घेऊन ५ ओहमच्या आत आणून द्यायला सांगा, मीटर रूममध्ये सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका अडवणारा) बसवा, आणि ए विंगपासून बी विंगला जाणारी लाइन तांब्याची न टाकता फायबरची टाका. काचेतून वीज जात नाही, एका विंगवर काही झालं तर दुसरी वाचते. कोटेशनमध्ये ह्यातलं काहीही नाही.

मागच्या भिंतीला सोलर कॅमेरा लावूया असं मागच्या मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं होतं. जुलैत आपल्याकडे सूर्य आठ-आठ दिवस तोंड दाखवत नाही, आणि बॅटरी वाचवायला हे कॅमेरे हालचाल झाल्यावरच जागे होतात, तोपर्यंत माणूस भिंत ओलांडून गेलेला असतो. जिथे वायर जाऊच शकत नाही तिथे ठीक, आपल्याकडे जाऊ शकते.

थोडं कागदपत्रांचं. केंद्र सरकारने सीसीटीव्हीसाठी सुरक्षेच्या आवश्यक अटी घातल्यात, त्या एप्रिल २०२५ पासून लागू आहेत, तेव्हा प्रत्येक मॉडेलचं बीआयएस रजिस्ट्रेशन आणि त्या अटींप्रमाणे टेस्टिंग झाल्याचा कागद मागा. कोटेशनमधला डिस्काउंट बघून मला जुना माल काढतायत की काय अशी शंका येतेय, कागद आला तर शंका मागे घेईन. पासवर्ड कंपनीतून आलेला ठेवायचा नाही, २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातली कॅमेरे, रेकॉर्डर अशी काही लाख उपकरणं अशीच ताब्यात घेतली होती, तयार पासवर्ड वापरून वापरून. पासवर्ड अध्यक्ष आणि सेक्रेटरीबाब दोघांकडेच, इन्स्टॉलरच्या मोबाइलवरून ॲप काढून घ्यायचं. रेकॉर्डरची वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळणारी ठेवा, आत्ताचा आपला रेकॉर्डर पाऊण तास मागे आहे, उद्या पोलिसांना फुटेज द्यायची वेळ आली तर पहिला प्रश्न तोच निघेल. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे फुटेजसोबत सर्टिफिकेट आणि हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) द्यावी लागते, ती काढून द्यायची जबाबदारी एएमसीत घाला. आणि पॅसेजमधला एकही कॅमेरा कोणाच्या दारातून आत बघणारा नको, आमच्या मजल्यावरचा आत्ता सरळ समोरच्यांच्या हॉलमध्ये बघतो, त्या वहिनी दिवसभर दार लावून बसतात.

तर माझी मागणी एवढीच की ते "लमसम" फोडून मागा. केबल कुठली आणि किती मीटर, स्विच किती वॅटचा, बॅटरी किती अँपिअर-अवरची, अर्थिंग, सर्ज प्रोटेक्टर, जंक्शन बॉक्स, सगळं वेगवेगळ्या ओळीत. सहा कॅमेरे आणि फोर के कमी केल्यावर हा खर्च त्यातून बराचसा निघावा असा माझा अंदाज आहे. शेवटचा हप्ता टेस्ट झाल्यावरच द्यायचा, आणि टेस्ट दिवसा नाही, रात्री आठनंतर सगळ्या कॅमेऱ्यांचे दिवे पेटलेले असताना मेन स्विच पाडायचा आणि बघायचं किती तास चालतं आणि कुठला कॅमेरा आधी पडतो.

रविवारच्या मीटिंगला इन्स्टॉलरला पण बोलवा, मी मल्टिमीटर आणि हिशोबाची वही घेऊन येते. मीटर रूमची चावी मात्र कोणीतरी आधी शोधून ठेवा, मागच्या खेपेला तासभर तीच मिळत नव्हती.

कळावे,
बी विंग, दुसरा मजला
पर्वरी