जनरल क्लार्कना ‘नो ड्यूज’ द्या

प्रति,
मा. लोकलेखा परीक्षक,
व्हर्जिनिया राज्य, रिचमंड

विषय: जॉर्ज रॉजर्स क्लार्क यांची 1778 पासूनची रसदीची बिले

स.न.वि.वि.

मी पुण्याचा. एका सरकारी लेखा कार्यालयात तेहतीस वर्षं ठेकेदारांची बिलं तपासली. आता मुलाकडे रिचमंडला आलो की दुपारी करायला काही नसतं, म्हणून तुमच्या जुन्या हिशेबांबद्दल वाचत बसतो. सवय जात नाही.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, 1778 साली, तुमचे गव्हर्नर पॅट्रिक हेन्री यांनी सेनाधिकारी क्लार्कना ब्रिटिशांविरुद्ध इलिनॉयच्या मोहिमेवर धाडलं, तेव्हा हातावर 1,200 पौंड ठेवले. तेही कागदी, भाव रोज उतरणारे. तेवढ्यात माणसं मिसिसिपीपर्यंत न्यायची, खाऊ घालायची आणि लढवायची! क्लार्कनी 4 जुलैला कास्कास्किया हे ब्रिटिशांचं ठाणं घेतलं. पुढच्या फेब्रुवारीत पुराच्या गार पाण्यातून माणसं चालवत नेऊन व्हिन्सेन्स घेतलं. पीठ, मीठ, मांस, कापड हे सगळं तिथल्या व्यापाऱ्यांकडून उधारीवर. राज्याच्या नावावर भागेना, तेव्हा क्लार्कनी स्वतःच्या नावावर सह्या केल्या. आमच्याकडे असं करणाऱ्या अधिकाऱ्याला आम्ही ‘भोळा’ म्हणायचो, आणि त्याची फाइल सगळ्यात खाली ठेवायचो.

या खर्चाचे व्हाउचर, म्हणजे पावत्या, क्लार्कनी रिचमंडला पाठवले होते. ते सापडत नाहीत, असं उत्तर मिळालं. जानेवारी 1781 मध्ये ब्रिटिशांना फितूर झालेल्या बेनेडिक्ट आर्नल्डनं रिचमंडवर धाड घातली, त्यात गेले असावेत असा समज झाला. व्हाउचर नाही, सबब खर्च अमान्य. हा शेरा मीही शेकडो वेळा मारला आहे, लाल शाईनं. पण माझ्या वेळी निदान हरवलेला कागद ठेकेदाराच्या हातून हरवलेला असायचा.

1913 मध्ये ते गठ्ठे सापडले. कुठे, तर रिचमंडमध्येच, ऑडिटरच्या इमारतीच्या माळ्यावर.

त्याला क्लार्क जाऊन पंचाण्णव वर्षं झाली होती. मधल्या काळात सावकार मागे लागले. जमीन स्वतःच्या नावावर ठेवली तर जप्त होईल, म्हणून ती नातेवाइकांच्या नावे करावी लागली. 1809 मध्ये शेकोटीजवळ पडून पाय भाजला, तो कापावा लागला. 1812 मध्ये राज्यानं वर्षाला 400 डॉलर पेन्शन आणि एक तलवार दिली. तलवारीचं त्या माणसानं काय करायचं होतं, कोण जाणे. आणि हाच मुलूख व्हर्जिनियानं 1784 मध्ये केंद्राला सोडून दिला, तेव्हा तो जिंकायला आलेला खर्च राज्याला परत मिळावा, ही अट करारात घालायला मात्र कुणी विसरलं नाही.

व्हिगो यांचं प्रकरण तर तुम्हाला माहीतच असेल. फ्रान्सिस व्हिगो हे मूळचे इटलीचे, सेंट लुईचे व्यापारी. त्यांनी क्लार्कना सुमारे 8,600 डॉलरचा माल दिला, बदल्यात न्यू ऑर्लिन्सचे व्यापारी ऑलिव्हर पोलॉक यांच्यावरची हुंडी घेतली. पोलॉकही तोवर व्हर्जिनियासाठी कर्जात बुडालेले. हुंडी वटलीच नाही. व्हिगो 1836 मध्ये गरिबीत गेले. दावा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि 1870 च्या दशकात वारसांना व्याजासकट जवळपास 50 हजार डॉलर मिळाले. म्हणजे मुद्दलाच्या पाचपटीहून जास्त. वेळेवर बिल पास केलं असतं तर केवढ्याला पडलं असतं, हा हिशेब तुम्हीच करा.

माझी मागणी लहान आहे. क्लार्कांच्या वारसांसाठी पैसे मागत नाही, व्याज तर नाहीच. व्हाउचर आता राज्याच्याच ताब्यात आहेत. ते रीतसर खर्चाशी लावून पाहावेत, आणि ‘सदर अधिकाऱ्याकडे राज्याचे काहीही येणे नाही’ असा दाखला आपल्या सहीनं, जावक क्रमांक टाकून, द्यावा. वाटल्यास पेन्शनची रक्कम वळती करून घ्या. एखाद्या व्हाउचरवर तारीख नसेल किंवा सही पुसट असेल, तर तेवढ्यासाठी कृपया त्रुटी काढून परत पाठवू नका. पाठवायला पत्ता नाही.

कळावे,
एक निवृत्त लेखापाल, सध्या मुक्काम रिचमंड