दिसण्यापेक्षा दुखणे मोठे असेल तेव्हा

महोदय,

त्वचेखालच्या ऊतींचा गंभीर जंतुसंसर्ग साधी सूज समजून अंगावर काढला जातो, याची मला मनापासून काळजी वाटते. पायावर तळहाताएवढी लाली, कातडी जवळजवळ धड, पण वेदना इतकी की अंगावरची चादरही सोसवत नाही. ही तफावतच धोक्याची पहिली खूण असते. काळसर फोड येईपर्यंत थांबले, तर फार उशीर झालेला असतो. स्ट्रेप्टोकोकस किंवा स्टॅफिलोकोकस जंतूंची विषे प्रतिकारयंत्रणेला अनावर भडकवतात, रक्तदाब कोसळतो आणि मूत्रपिंडे, यकृत निकामी होऊ लागतात. यालाच टॉक्सिक शॉक सिंड्रोम म्हणतात आणि हे नाव १९७८ मध्ये प्रथम वापरले गेले. स्ट्रेप्टोकोकसच्या संसर्गात पेनिसिलिनच्या जोडीला विषनिर्मिती रोखणारे क्लिंडामायसिन दिले जाते, परंतु रक्तपुरवठा तुटलेल्या ऊतींत औषध नीट पोहोचतच नसल्याने त्या शस्त्रक्रियेने तातडीने काढाव्या लागतात. म्हणून केवळ अहवालांची वाट पाहत शल्यचिकित्सकांना बोलावणे लांबवू नये. घरच्यांनीही लालीच्या कडेने पेनाने रेघ मारून वेळ लिहावी. मात्र वेदना असह्य असेल, तर रेघ ओलांडली जाण्याची वाट न पाहता, मध्यरात्र असली तरी, रुग्णाला रुग्णालयात न्यावे.

– एक वाचक