गृहपाठ जमा करायचे पैसे

प्रिय सम्या,

तुझा मेसेज वाचला, आणि पहिलं हे सांगतो म्हणजे काकूंना निदान आज झोप लागेल, चिंगीला अमेरिकेतल्या कॉलेजचा गृहपाठासाठी पैसे भरा म्हणून आलेला तो मेल फ्रॉड नाहीये रे. खरंच भरायचेत ते पैसे. तू पाठवलेली एक्सेल शीट पण बघितली, फी, हॉस्टेल, मेस, इन्शुरन्स, विमानाचं तिकीट, अगदी थंडीच्या बुटांपर्यंत सगळं लिहिलंयस, आणि पुस्तकांच्या पुढे शून्य, कारण अप्पा बळवंत चौकातून इंडियन एडिशन घेऊन बॅगेत कोंबून द्यायचा तुझा प्लॅन. मास्टर्सला हा प्लॅन मस्त चालतो, माझा चालला. पण चिंगी बीएसला, म्हणजे पदवीला, जातेय, पहिल्या वर्षाला, कॅल्क्युलस, केमिस्ट्री आणि फिजिक्स घेऊन, आणि तिथे नाही चालत. म्हणजे पुस्तक वाचायला चालेल, गणित तेच आहे. पण तिच्याकडून जे मागतायत ते पुस्तकाचे पैसे नाहीत, गृहपाठ जमा करायचे आहेत.

कसं असतं ते सांगतो, मी इथे गणिताच्या खात्यात टीए, म्हणजे प्रोफेसरचा मदतनीस, आहे त्यामुळे दोन्ही बाजूंनी बघतो. पहिल्या वर्षाच्या लेक्चरला दोन-तीनशे पोरं असतात. एवढ्या वह्या तपासणार कोण? म्हणून पब्लिशरची ऑनलाइन सिस्टीम. पिअरसनची मायलॅब, मॅकग्रॉ-हिलची कनेक्ट, सेंगेजची वेबअसाइन, नावं वेगळी, काम तेच. दर आठवड्याला गणितं येतात, प्रत्येकाला आकडे वेगळे पडतात म्हणजे शेजारच्याचं बघून टाकता येत नाही, उत्तर टाईप केलं की लगेच हिरवं किंवा लाल, आणि मार्क आपोआप कॉलेजच्या पोर्टलवर. (उत्तर बरोबर असून कंस चुकीच्या जागी पडला म्हणून लाल झालेली पोरं माझ्याकडे स्क्रीनशॉट घेऊन येतात, तो एक स्वतंत्र विनोद आहे.) या गृहपाठाला फायनल ग्रेडमध्ये 10, 15, कधी 20 टक्के असतात. आणि आत शिरायला कोड लागतो, एका कोर्सचा साधारण 100 डॉलर, थोडा इकडे तिकडे. 2016 मध्ये स्टुडंट पर्ग्स या विद्यार्थ्यांच्या संघटनेने पाहणी केली होती तेव्हाही सरासरी तेवढीच निघाली होती. म्हणजे एका विषयाचे नऊ हजारांच्या आसपास रुपये. असे तीन विषय धर.

आता यातली खरी मेख बघ. पुस्तक महाग होतंच की, अमेरिकन सरकारच्याच ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्सचे आकडे आहेत, 2006 ते 2016 मध्ये कॉलेजच्या पुस्तकांच्या किमती 88 टक्क्यांनी वाढल्या. पण पुस्तकाला पळवाटा होत्या. सेकंडहँड घ्या, लायब्ररीतून आणा, दोघांत एक वापरा, वर्ष संपलं की ज्युनियरला विका. कोडला यातली एकही नाही. एकदा वापरला की संपला, दुसऱ्याला देता येत नाही, मुदत संपली की बंद. आणि पुस्तक नाही घेतलं तर तू नुसता बिनपुस्तकाचा विद्यार्थी असायचास, मार्क तुझ्या डोक्यावर ठरायचे. कोड नाही घेतला तर ते 15-20 टक्के सरळ शून्य, परीक्षेत कितीही पाडलेस तरी.

आपल्या इंडियन एडिशनवरून एक किस्सा, तुला आवडेल. थायलंडचा एक पोरगा, सुपाप कर्टसेंग, 1997 मध्ये कॉर्नेल युनिव्हर्सिटीत गणित शिकायला आला. त्याच्या लक्षात आलं की वायली या पब्लिशरची तीच पुस्तकं थायलंडला किती स्वस्त मिळतात, मग घरच्यांना सांगून पुस्तकं मागवायचा आणि ईबे या वेबसाइटवर विकायचा. वायलीने खेचला कोर्टात, खालच्या कोर्टाने त्याला 6 लाख डॉलरचा दंड ठोकला. पठ्ठ्या सुप्रीम कोर्टात गेला आणि 2013 मध्ये 6 विरुद्ध 3 ने जिंकला! कोर्ट म्हणालं, कायद्याने छापलेलं पुस्तक एकदा विकलंत की पुढे ते कोण कुणाला विकतो यात तुम्ही पडायचं नाही, मग ते परदेशात छापलेलं का असेना. तेव्हा सगळे खुश. पण कोड म्हणजे तुझी वस्तूच नाही ना, नुसतं लायसन्स, म्हणजे वापरायची परवानगी, त्यामुळे तो निकाल तिथे लागूच होत नाही. पब्लिशरांनी याच कारणाने कोड आणले असं मी म्हणत नाही, कोड त्याच्या आधीपासून होते. पण त्यांची सोय फार छान झाली एवढं खरं.

आणि वर गंमत म्हणजे निवडतो प्रोफेसर आणि भरतो विद्यार्थी. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! प्रोफेसरला सिस्टीम फुकट, वर तयार स्लाइड्स, तयार प्रश्नपेढी. माणसं वाईट नसतात रे, बऱ्याच जणांना किंमत किती आहे हेच ठाऊक नसतं.

गेल्या सेमिस्टरला माझ्या बॅचमध्ये एक मुलगी होती, रात्री गोडाऊनमध्ये काम करायची. या सिस्टीम पहिले 14 दिवस फुकट आत सोडतात, ते संपल्यावर तिचं लॉगिन बंद झालं. तर ही ऑफिस अवर्सला, म्हणजे शंका विचारायला यायच्या वेळेला, वही घेऊन आली, सगळा गृहपाठ कागदावर केलेला, सुबक, स्टेप्ससकट, मी बसून तपासला तर एक चिन्ह सोडता सगळं बरोबर. म्हणाली, हे घेता का? आणि मला घेता येईना, कारण मार्कांचं खातं त्या सिस्टीममधून भरतं, माझ्या हातातच नाही. प्रोफेसरला विचारलं, त्यांनी बिचाऱ्यांनी मुदत वाढवून दिली, तिने पगार झाल्यावर कोड घेतला. पण तपासायला मी समोर बसलेलो होतो, सम्या, लाल पेन हातात होतं! या राज्यात अजून तासाला 7.25 डॉलरच किमान मजुरी आहे, 2009 पासून हलली नाही. म्हणजे एका कोडसाठी जवळजवळ 14 तास राबायचं, टॅक्स कापायच्या आधी. चिंगीला तर स्टुडंट व्हिसावर आठवड्याला 20 तासच आणि ते पण कॅम्पसवरच.

अजून एक, हे ऐकून तू हसशील. पैसे भरून आत गेलेली पोरं गणित अडलं की चेग या उत्तरं पुरवणाऱ्या वेबसाइटचं सबस्क्रिप्शन घ्यायची, आणि चेगवर उत्तरं लिहिणारे हजारो एक्सपर्ट कुठले, तर भारतातले, एका उत्तरामागे शेकड्यात रुपये मिळवणारे. आता चॅटजीपीटीने त्या धंद्याची वाट लावली, 2023 च्या मे मध्ये चेगचा शेअर एका दिवसात जवळजवळ निम्मा झाला. गृहपाठाचा कोड मात्र चालूच आहे.

बरं, आता कामाचं. चिंगीला हे नीट सांग.

आधी कॉलेजच्या बिलात बघायला सांग, "इन्क्लुझिव्ह ॲक्सेस" किंवा "फर्स्ट डे" असं काही लागलंय का. 2016 पासून कॉलेजांना हे पैसे थेट बिलात घालायची मुभा आहे, बाहेर पडायचा पर्याय द्यावा लागतो, पण त्याची तारीख सेमिस्टरच्या सुरुवातीलाच असते आणि गृहपाठ त्यातच असेल तर बाहेर पडून उपयोग नाही. त्यामुळे दोनदा पैसे भरू नकोस म्हणावं, बिलातही आणि वेबसाइटवरही. दुसरं, घाई करू नको, ते 14 दिवस पूर्ण वापर, तोवर कोर्स बदलायची मुदतही असते. तिसरं, कॅल्क्युलस एक आणि दोन एकाच पुस्तकातून असेल तर एका सेमिस्टरचा कोड न घेता लांब मुदतीचा घे, दोन वेळा भरण्यापेक्षा स्वस्त पडतो. ईबेवरचा सेकंडहँड कोड अजिबात नाही, तो वापरलेलाच असतो. आणि त्याच कोर्सचे दोन-तीन प्रोफेसर असतील तर बघ कोण काय वापरतंय, कारण एखादा ओपनस्टॅक्सवाला निघू शकतो. ही राइस युनिव्हर्सिटीची फुकट पुस्तकं, 2012 पासून आहेत, कॅल्क्युलसचे तिन्ही भाग नेटवर पडलेत, चिंगीला आत्ताच डाउनलोड करून दे, तुझी अप्पा बळवंत चौकातली चक्कर पण वाचेल.

गृहपाठाच्या फुकट सिस्टीम पण आहेत बरं का. वेबवर्क म्हणून आहे, रॉचेस्टर युनिव्हर्सिटीच्या दोन गणिताच्या प्रोफेसरांनी, गेज आणि पायझर यांनी, नव्वदच्या दशकात बनवली, मायओपनमॅथ पण आहे, विद्यार्थ्याला शून्य पैसे. मग सगळे का वापरत नाहीत? सर्व्हर कुणीतरी सांभाळावा लागतो, प्रश्न निवडून नीट बसवावे लागतात, आणि त्या कामाचे प्रोफेसरला कुणी पैसे देत नाही, पब्लिशरचा माणूस तर केबिनमध्ये येऊन सगळं लावून देतो. आमच्या खात्यात या उन्हाळ्यात वेबवर्क बसवायचं ठरतंय, प्रश्न जमवायचं काम आमच्या तिघा टीएंच्या गळ्यात आलंय. चेन रूलपर्यंत पोचलोय. इंटिग्रेशनचे प्रश्न कोण करणार यावरून काल भांडण झालं.

चिंगीचा व्हिसा झाला की कळव, आणि तिच्या बॅगेत पुस्तकांची जागा मोकळी झालीच आहे तर काकूंच्या हातची लसणाची चटणी माझ्या नावाने टाक, भेटल्यावर घेतो तिच्याकडून.

तुझा,
मंद्या