मुलांच्या इतिहासात शोकालाही जागा हवी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

उत्तर कोकणातील मराठे आणि पोर्तुगीज यांच्या सरहद्दीचा इतिहास मी शाळकरी मुलांसाठी लिहीत आहे. आज जिथे मध्यवर्ती कारागृह आहे तो ठाण्याचा किल्ला १७३७ साली मराठ्यांनी घेतला, मे १७३९ मध्ये वसई शरण आली आणि इथवर आलो की मुलांना सांगताना आपण सहसा जयघोषावर थांबतो. मीही तिथेच थांबणार होते. मात्र याच काळात माझे थोरले बंधू गेले. प्रत्येक प्रकरणाचा कच्चा खर्डा तेच वाचत आणि मुलांना जड जाईल अशा शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारत. वसईच्या प्रकरणावर त्यांच्या रेघा निम्म्यापर्यंतच आहेत.

त्यानंतर वसई जिंकणाऱ्या मराठा सेनापती चिमाजी आप्पांचे पुढचे वर्ष मला वेगळ्या नजरेने दिसू लागले. एप्रिल १७४० मध्ये रावेरखेडी येथे थोरले बंधू बाजीराव गेले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात स्वतः आप्पाही निवर्तले. वसईच्या तटाखाली दोन्ही बाजूंची किती माणसे पडली, त्यांच्या घरी काय झाले, हेही मुलांना सांगायला हवे; घरातले माणूस गेलेली मुलेही वर्गात असतात, आणि ती हे समजून घेतात, असे मला मनापासून वाटते.

आपल्या बालपुरवणीत ठाणे, घोडबंदर, बेलापूर येथील किल्ल्यांवर लेखमाला सुरू करावी आणि तीत हा भाग वगळू नये, ही विनंती.

आपली,
एक वाचक, नौपाडा, ठाणे